गोधडीतला छत्तिसावा फोटो

शनिशिंगणापूर,
गुरुवार

तीर्थस्वरूप आबासाहेब दाजींस,

धाकटा मेव्हणा मच्छिंद्र याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? आक्काची शुगर ताब्यात आहे ना? करण आणि सूनबाई सुखात असतील. इकडे आम्ही खुशाल, म्हणजे मी खुशाल आणि निकिताची आई माझ्याशी कामापुरतं बोलते. कारण खाली येईलच.

करणच्या लग्नातल्या त्या फोटोबद्दल तुम्ही दोन महिन्यांत चारदा विचारलंत आणि मी चारही वेळा "येतोय, येतोय" म्हणालो, जसा काही फोटो श्रीगोंद्याला पायी निघालाय. आता सगळं खरं लिहितो. (बरंचसं.) मांडवात त्या ड्रोनच्या वाऱ्याने चांगुणामावशींचा पदर उडाला, तेव्हापासून त्यांनी एकाही फोटोवाल्याला तोंड दाखवलं नाही. दाखवलं ते फक्त माझ्या जुन्या कॅमेऱ्याला. आणि पंधराव्या दिवशी मावशी गेल्या. म्हणजे तुमच्या आईचा हसरा फोटो सगळ्या जगात एकच, आणि तोही माझ्या रोलमधला शेवटचा, छत्तिसावा. दाजी, माझा हातच धजत नव्हता. रोल फ्रीजमध्ये मेथीच्या जुडीमागे ठेवून मी रोज त्याच्याकडे बघून दार लावत होतो. (आमच्या घरात लावता येणारं दार तेवढं एकच.)

तुम्ही विचाराल, भल्या माणसा, सगळं जग मोबाईलवर फोटो काढतंय, तुला स्लाइडची फिल्म कुणी सांगितली होती? खोड, दुसरं काय. राहुरीला कृषी विद्यापीठात अठ्ठावीस वर्षं मी स्लाइडच काढल्या. कांद्यावरचा करपा, उसावरचा लोकरी मावा; माझ्या हाताखालून जेवढे रोग गेले तेवढे डॉक्टरच्या हाताखालूनही गेले नसतील. स्लाइडची चौकट उजेडासमोर धरली की पान जसंच्या तसं उभं राहतं, त्याची सर कागदाला नाही. निवृत्त झाल्यावर पुन्हा तो नाद लागला. पण आता फिल्म धुऊन देणारं जवळपास कुणी उरलं नाही, म्हणून निकिताने पुण्याहून औषधं पाठवली आणि मी घरीच धुवायचं ठरवलं. आपला हात जगन्नाथ.

आता अडचण ऐका. फिल्म डबीतून काढून धुवायच्या डब्यातल्या चक्रीवर चढवेपर्यंत मिट्ट काळोख लागतो. उजेडाची तिरीप आली की तिथलं चित्र पांढरंफटक. आणि आमच्या गावाची रीत तुम्हाला ठाऊक आहे. चौकट आहे, दार नाही. न्हाणीलासुद्धा पडदा. सोयऱ्यांनी नावं ठेवली तरी शनिदेवावर भरवसा ठेवून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त झोपलो. पण दाजी, देव चोर अडवतो, ऊन नाही अडवत. (रात्री करावं, तर समोरच्या खांबावरचा दिवा थेट घरात.) शेवटी आईच्या हातच्या दोन गोधड्या अंगावर घेतल्या आणि भर दुपारी माजघरात बसलो. शेजारच्या साळूबाई पडदा सारून विरजण मागायला आल्या आणि मला तसा गुडघे पोटाशी घेऊन हलताना पाहून निकिताच्या आईला म्हणाल्या, "हुडहुडी भरली व्हय? लई दिवस काढू नका, दवाखान्यात न्या." मी आतून "ताप न्हाई, फोटो हायेत" असं ओरडलो, त्यावर त्या थांबल्याच नाहीत. गावात मला वात झाल्याची बातमी संध्याकाळच्या आरतीआधी पसरली होती. निकिताच्या आईचा राग हा.

तरी पुढे तिनेच तारलं. औषध बरोबर अडतीस अंश गरम लागतं, अर्धा अंश इकडेतिकडे झाला तरी रंग बिघडतात. माझ्याजवळ तापाचं थर्मामीटर, ते औषधाच्या बाटल्या ठेवायच्या घमेल्यातल्या पाण्यात घातल्याबरोबर बंद पडलं. मी कपाळाला हात लावून बसलो. तिने घमेल्यात करंगळी बुडवली, थोडं गार पाणी घातलं आणि म्हणाली, "विरजणाचं दूध एवढंच लागतं. घाला तुमचं काय ते." (औषधात बोट घालू दिलं नाही, तेवढी अक्कल मला आहे.) पस्तीस फोटो असे आलेत, की जिलेबीचा रंग बघून तोंडाला पाणी सुटावं. घोडा आलाय, ड्रोनवाला आलाय, जेवताना तुमची तीन वेळा मठ्ठा मागतानाची मुद्रा आली आहे.

पत्र फार लांबलं. आक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, हे पत्र वाचूनही तो कमी होऊ देऊ नये.

तुमचा,
मच्छिंद्र

ता. क. छत्तिसाव्याचं लिहायचं राहिलं असं नाही, टाळत होतो. तो अर्धा गेला. तिरीप पडद्याची नव्हती, साळूबाईंचीही नव्हती. मोबाईल माझ्या सदऱ्याच्या खिशात राहिला होता. फिल्मचं शेवटचं टोक चक्रीबाहेर असतानाच तो वाजला आणि गोधडीत दिवाळी झाली. फोन तुमचा होता. फोटो कुठवर आला, हे विचारायला केलेला. दाजी, यात तुमचा काही दोष नाही. आईसाठी माणूस फोन करणारच. मोबाईल घेऊन गोधडीत शिरणारा गाढव मी. माफ करा.

ता. क. २. गेला तो अर्धा तुमचा. तुमच्या जागी नुसता पांढरा उजेड आहे. मावशी मात्र जशाच्या तशा आहेत, नथीसकट. मी सवयीने त्यांना "पान जरा उजेडात धरा" म्हणालो होतो, त्यावर त्या "पान पिकलंय बाबा, घे बिगीनं" म्हणाल्या आणि हसल्या. तेच हसू आलंय. आणि त्यांच्या मांडीवर, त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरलेला एक हात उजेडातून बाहेर आलाय. मनगटावर कारखान्याने तुम्हाला निवृत्तीला दिलेलं घड्याळ आहे.

ता. क. ३. मी ते पोस्टाने पाठवणार नाही, माझा आता कशावरच भरवसा नाही. तुम्ही या. सकाळी चौकटीत उभं राहून उजेडासमोर धरू. फक्त येतो म्हणून फोन करू नका, सरळ आत या.