मोटरीच्या डब्यातले मुंगळे

देवळीजवळच्या हेमराजच्या छोट्याशा रिसॉर्टवर स्विमिंग पूलचा पंप दोन दिवस छळत होता. स्पीड वाढवला की थरथरायचा आणि बंद पडायचा. काल तो पाहुण्यांसमोरच पोरावर, विवेकवर घसरला, "तूनच बटनं दाबू दाबू मोटर जाळली." विवेक न जेवता मित्राकडे निघून गेला. आज सकाळी हेमराजनं मोटरीवरचा डबा उघडला, तर आतल्या, स्पीड सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कार्डावर जळालेल्या मुंगळ्यांचा थर.

बायको वावरात गेली होती. त्यानं उभ्याउभ्याच चिठ्ठी लिहिली.

"रुख्मिणी, कार्ड घेऊन नागपूरले चाललो. मेन स्विच पाडला हाये, कोणाले लावू देऊ नको. पाणी हिरवं होऊन राह्यलं, पाहुण्यायच्या पोरायले उतरू देऊ नको. डबा उघडाच ठेवला, विवेक आला तर त्याले पाहू दे."

'आला तर' त्यालाच खुपलं. पोराचा फोन लागत नव्हता. दारापर्यंत जाऊन तो परत आला आणि खाली लिहिलं, "त्याची चूक नव्हती. मी स्टँडवर हावो. त्याले पाठवजो."

स्टँडवर नागपूरची गाडी लागली. कंडक्टरनं हाक मारली.

"मांगून येनाऱ्या गाडीनं येतो," हेमराज म्हणाला आणि रिसॉर्टकडून येणाऱ्या रस्त्याकडे पाहत राहिला.