नवव्या मुक्कामघराचे मयत चालक

प्रति,
मा. अधीक्षक,
लांब पल्ल्याची पायवाट व मुक्कामघरे विभाग,
विभागीय कार्यालय, दुसरा मजला.

विषय : मुक्कामघर क्र. ९ चा परवाना मयत पतीच्या नावावरून अर्जदाराच्या नावावर करणेबाबत. तूर्त ते जमत नसल्यास परिच्छेद ६ प्रमाणे करणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र, "मूळ परवानाधारक कार्यरत असल्याचे दिसून येत असल्याने हस्तांतरणाचा प्रश्न उद्भवत नाही. तरीही आग्रह असल्यास त्यांची समक्ष घेतलेली संमती सादर करावी."

महोदय,

१. अर्जदार ही मुक्कामघर क्र. ९ च्या चालकांची पत्नी. आठव्या मुक्कामाहून सहा तासांची चढण चढून आलेल्या वाटसरूला खाट, पांघरूण आणि गरम पाणी द्यायचे, हे या घराचे काम. एकोणीस वर्षे पुढचे दार पतीकडे आणि मागची चूल अर्जदाराकडे, अशी वाटणी होती. पती गेल्या मार्चमध्ये पुढच्या पायरीवर बसल्या बसल्या वारले. मृत्यूचा दाखला पूर्वीच दिला आहे. त्यावर सही आहे, शिक्का आहे, खाडाखोड नाही.

२. डिसेंबरअखेर परवाना नावावर न झाल्यास घर यादीतून निघेल आणि अर्जदाराला ते सोडावे लागेल. तिला दुसरे घर नाही. हे खिडकीवर सांगितले असता आपले कारकून म्हणाले, "बाई, दाखला म्हणतो ते गेले, कार्डं म्हणतात ते आहेत. दाखला एक, कार्डं अकरा. मी कोणाचं ऐकू?" ही अभिप्रायाची कार्डे वाटसरू पायवाटेच्या शेवटी पेटीत टाकतात व ती परस्पर आपल्याकडे येतात. अर्जदाराच्या हाताला ती लागतच नाहीत, हे मुद्दाम लिहिले आहे. नाहीतर उद्या तीच लिहिते म्हणाल.

३. कारकून भले, त्यांनी कार्डे वाचू दिली. सगळी मार्चनंतरची. कार्ड क्र. २ : "दारातल्या बाबांनी पाठीवरचं ओझं उतरवून घेतलं आणि म्हणाले, 'आठ सुटलं, दहा पळत नाही, बसा.'" हे वाक्य पतीचेच आहे, अर्जदाराने ते एकोणीस वर्षे चुलीपाशी बसून ऐकले आहे. कार्ड क्र. ७ : "सकाळी आमच्या ओल्या बुटांत कागद कोंबलेले होते. असा हसतमुख माणूस पाहिला नाही." बुटांचे खरे आहे. 'हसतमुख' या शब्दाला मात्र अर्जदाराची हरकत नोंदवून घ्यावी.

४. दिरांच्या कानावर घातले तर ते म्हणाले, "वहिनी, दाराशी एखादा म्हातारा गडी ठेवलाय का? सांगून टाका की, लाजायचं काय त्यात!" म्हणून अर्जदार सलग चार संध्याकाळी खुर्ची टाकून पुढच्या दारात बसली. वाटसरू आले, बसले, जेवले. दुसरे कोणी आले नाही आणि बूट ओलेच राहिले. पाचव्या दिवशी ती कंटाळून चुलीकडे गेली. सकाळी बुटांच्या सातही जोडांत कागद कोंबलेले! पेपर तर मार्चपासून बंद आहे. तेव्हा तिने एका बुटातला कागद उलगडून पाहिला. तो याच अर्जाचा पहिला मसुदा होता, टेबलाच्या खणात कुलपात ठेवलेला. दुसऱ्या मसुद्याचीही तीच गत झाली. सबब अर्जास झालेला विलंब माफ व्हावा. हा तिसरा मसुदा ती आठवे मुक्कामघर चालवणाऱ्या मावशींकडे बसून लिहीत आहे.

५. आता कार्ड क्र. ११, एका शाळामास्तरणीचे. पती हयातीत प्रत्येक वाटसरूला विचारत, "मागे आणखी कोणी आहे का?" खाटांचा हिशेब लागावा म्हणून. मास्तरणीबाई लिहितात : "बाबांनी विचारलं, मागे एक बाई दिसली का? आमची. चालत यायची आहे. मी नाही म्हटलं, तरी ते दार लोटेनात." महोदय, हे वाचून अर्जदार आपल्या कार्यालयातील बाकावर बराच वेळ बसून होती. शिपायांनी पाणी दिले, त्याबद्दल आभार. पती अनेकदा म्हणत, "एकदा तूही चालत ये ग. ते दार बाहेरून कसं दिसतं, तुला माहीतच नाही." आणि अर्जदार म्हणे, "मग चुलीशी कोण, तुम्ही?" ती एकोणीस वर्षे मागच्या गाडीरस्त्याने, मागच्या दाराने आली आणि मागच्या दाराने गेली. पायवाटेने आलेल्या प्रत्येकाला ते भेटतात. ती पायवाटेने कधी आलीच नाही.

६. तरी विनंती की, मुक्काम आठ ते नऊ एवढ्या एकाच टप्प्याची वाटसरू पुस्तिका अर्जदाराच्या नावे द्यावी. पुस्तिकेवर आठचा शिक्का असल्याशिवाय नऊला खाट मिळत नाही, हा नियम पतींनी सख्ख्या भावालाही मोडू दिला नव्हता. तिच्यासाठी मोडतील असे वाटत नाही. चुलीशी त्या दिवशी आठच्या मावशी बसतील. आपला संमतीचा छापील नमुना ती पिशवीत घेऊन जाईल. दार कोणी उघडले नाही, तर अकराही कार्डे खोटी धरून परवाना तिच्या नावावर करावा.

दार उघडले, तर नमुना कोरा परत येईल. परवाना आहे त्या नावावर राहू द्यावा, घर यादीत राहू द्यावे, आणि वाटसरूला एकाच रात्रीचा मुक्काम, हा नियम तेवढा अर्जदारापुरता शिथिल करावा.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,

(सही)
नऊ नंबरच्या बाई
मुक्काम : सध्या आठ
दि. १४ नोव्हेंबर

सोबत :
१) मृत्यूच्या दाखल्याची आणखी एक प्रत.
२) अर्जाचा पहिला मसुदा, चुरगळलेला. बुटाच्या चवड्याचा आकार कायम आहे, कृपया सपाट करू नये.
३) पुस्तिकेसाठी अर्जदाराचा फोटो. पतींसोबतचाच आहे, वेगळा काढलेला नाही.