भाकरीवरचा हात

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू असताना कधी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर शेजारच्या पोरीकडून वाचून घेतलं असतंस, अन् सांजेपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं असतं की तुझा जावई पितो. आता तू जाऊन जमाना झाला, तर सांगते. माझंही शिक्षण चौथीवर अडकलेलं, तेव्हा अक्षराला हसू नको.

कंधारच्या आपल्या घरातला तो दिवस. मी लेकराला घेऊन माहेरी येऊन बसले होते. तू चुलीपुढं आहेस, तवा तापलाय, अन् हे दुपारच्या बसनं येतात. दाढी केलेली, शुद्धीत, मान खाली. तू उठलीसुद्धा नाहीस. तव्यावरची भाकर ताटात टाकलीस अन् म्हणालीस, "जावईबापू, हात ठेवा हिच्यावर. अन्नाची शपथ घ्या, मग पोरीला न्या." भाकर वाफाळत होती. त्यांनी हात ठेवला तो उचलला नाही. म्हणाले, "परत दारूला शिवलो तर ही भाकर माझ्या अंगी लागू नये." तळहात लाल झाला. तू ती भाकर मोडलीस, अर्धी त्यांना, अर्धी मला दिलीस, अन् संध्याकाळच्या बसमध्ये बसवून दिलंस. मला वाटलं, सुटलं.

पोळ्याला बैल मिरवून आले ते पिऊनच. मी ताट वाढलं. त्यांनी भाकर बाजूला सारली. "भात टाक." मी म्हणलं, भाकरीला काय झालं? तर म्हणाले, "ती मला आता चालत न्हाई." तेव्हापासून तुझ्या जावयानं भाकरीला हात लावलेला नाही. आपल्या मुलखात, खळ्यावर ज्वारीची रास पडलेली असताना, हा माणूस भात मागतो. लोकांना सांगतो, पोटाला सोसत नाही. देवाला भ्याला नाही, मला तर न्हाईच न्हाई. भ्याला तो भाकरीला. पण दारू सोडली नाही. तू विचारायचीस, "जावई बरे हायत ना?" मी म्हणायची, हाव.

लई वर्षं मला वाटायचं, खोटी शपथ घेतली मेल्यानं. मग नांदेडच्या दवाखान्यात एक डॉक्टरीण म्हणाली, "आजी, हा आजार आहे." मी म्हणलं, "बाई, ताप आलेला माणूस बायकोची भांडी विकत न्हाई." पण घरी येता येता पटलं. शपथ घातली म्हणून कुणाचा ताप उतरलाय का? त्या दिवशी तुझ्या चुलीपुढं हे खरंच बोलले होते, माय. तेच वाईट. खोटं बोलले असते तर मी केव्हाच तोडून मोकळी झाले असते. हे दवाखान्यात राहिले, बरे होऊन आले, परत प्यायला लागले. सकाळी माझ्यासाठी चहा करतात, कपबशी वाजत वाजत येते, अन् त्या घोटभर चहावर मी सांजेपर्यंत फसते. सांजेला दाराची कडी कशी वाजते त्यावरून कळतं, आज काय वाढून ठेवलंय ते.

आता हे सगळं का काढलं, तर नातीमुळं. लातूरकडं दिली तिला. तिचाही पितो. ती इथं येऊन बसली होती. तो न्यायला आला. इस्त्रीचा शर्ट, शुद्धीत, मान खाली. ती मान मला ओळखीची वाटली. माझा लेक म्हणतो, "आई, भाकर आण. आपली रीत हाय." मी म्हणलं, "भाकरीनं काय घोडं मारलं तुमचं? दवाखान्यात न्या त्याला." नातजावई हसला. "आजी, मी काय बेवडा हाय का? मनावर घेतलं की सुटतंय." तेवढ्यात बाजेवरून आमचा म्हातारा बोलला, जो दिवसदिवस तोंड उघडत नाही. "भाकरीवर घेऊ नको, पोरा. भातावर जल्म काढावा लागतो."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. अन् नात उठली, टोपल्यातली भाकर स्वतः घेऊन आली. मी तिचं मनगट धरलं. "जाऊ नको. दारू सुटत न्हाई." तर म्हणते, "आजी, तू राहिलीसच की." मी तिचं मनगट सोडलं. त्यानं हात ठेवला. भाकर गार होती, तेवढाच फरक. ती त्याच्या गाडीवर मागं बसून गेली.

काल फोन केला. म्हणाली, "बरं हाय." मी विचारलं, "भाकर खातो ना गं?" म्हणाली, "पोळी लागते त्यांना आजकाल. भाकर नको म्हणतेत."

हा कागद धाडायचा कुठं? पिठाच्या डब्याखाली ठेवते. पण एक सांगायचं राहिलं. इतकी वर्षं रोज सांजेला मी यांच्या वाटणीची एक भाकर थापते. हे तिच्याकडं बघत नाहीत, भात खातात. सकाळी मीच ती दुधात कुस्करून खाते. नातीला हे ठाऊक नाही. काल फोन ठेवून परातीपुढं बसले तेव्हा ठरवलं होतं, आजपासून नाही. तोवर पीठ मळून झालं होतं, माय, त्यांच्या भाकरीसकट.