सहा बोटं दोरी

रवि., ३० नोव्हें. ०३, तुडील

ईदचे पाहुणे आज सरले. मग भाईजानने कुवेतहून आणलेली लांब पेटी उघडली. आत धनुष्य!

मी आजवर ज्याला धनुष्य म्हणत आले ते हे नव्हे. कॉलेजात आमचं बांबूचं होतं. एक कमान, एक दोरी, संपलं. याच्या दोन्ही टोकांना चाकं, चाकांवरून फिरलेल्या तीन दोऱ्या. बघतच बसले. भा.च्या कंपनीतला एक साहेब कायमचा मायदेशी निघाला होता, त्याच्याकडून जुनं घेतलं.

भा. म्हणाला, "हे बोटांनी ओढायचंच नाही. मनगटाला पट्टा, पट्ट्याला आकडा. आकडा दोरीवरच्या छोट्या कडीत अडकवायचा, खेचायचं, आणि तर्जनीने घोडा दाबायचा, की दोरी सुटते."

माझी तर्जनी वाकते. उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका चार वर्षांपूर्वी मामूच्या ट्रकच्या फाळक्याखाली सापडली, तेव्हापासून त्या दोन ताठ खुंट्या आहेत. धनुष्याचा विषय घरात बंद झाला तो तेव्हा. आज ते हातात धरलं आणि रडले. लिहायला लाज कसली.

सोम., १ डिसें.

शाळेत शिकवून घरी आले. अम्मीने धनुष्य लख्ख पुसून ठेवलेलं. शिवाय दोरीला लोंबणारा 'मळका तुकडा' कात्रीने कापून टाकलेला. तीच ती कडी! धातूची नसते, दोरीचीच.

अम्मी : "मला वाटलं पॅकिंगची सुतळी ऱ्हायली."

भा.ने कपाळावर हात मारला. मी दोन तास पेटी उपसत बसले. शेवटी पेटीच्या तळाशी पिवळ्या दोरीचा वीतभर तुकडा मिळाला तेव्हा जीव भांड्यात पडला. दोन कड्या होतील. दोनच.

बुध., ३ डिसें.

पेटीतलं पुस्तक वाचलं. चित्रं बरी आहेत. दोरी साडेचार इंच, म्हणजे आडवी सहा बोटं. दोन्ही टोकं जाळून गोळी करायची, म्हणजे ती गाठीतून निसटत नाहीत. बाणाची खाच जिथे बसते तिथे एक गाठ वर, एक खाली, एकमेकींच्या उलट बाजूंनी. मधे राहते ती कडी. सगळं ओझं तिच्यावर. अठरा किलो ओढ, आणि धरून कोण ठेवणार, तर हे बोटभर दोरीचं वेटोळं! विश्वास बसत नाही.

गाठ आवळायला माझे हात चालत नाहीत. भा.ला बुटाची नाडी नीट येत नाही. गाठ म्हटली की आमच्यात एकच माणूस, पोलादपूरचा मामू. तीस वर्षं कशेडीतून माल नेतोय, त्याने बांधलेली ताडपत्री घाटात कधी उडाली नाही.

पण मामूने चार वर्षांत माझ्या उजव्या हाताकडे बघितलेलं नाही. चहाचा कप देतो तोही डाव्या हातात. फाळका त्याच्याच हातून सुटला होता.

शुक्र., ५ डिसें.

जुम्म्यानंतर मामू आला. धनुष्याची चाकं बोटाने फिरवून बघितली, बराच वेळ. "हे बनवणारा माणूस गाडीवालाच असणार गो."

पुस्तक पुढे केलं तर हसला. "पुस्तक बघून गाठ मारतात काय?" पाच मिनिटांत बांधून मोकळा. टोकं जाळली नाहीत. मी एकदा म्हटलं, मग गप्प बसले. तो इतका खुशीत होता की मोडवेना.

रवि., ७ डिसें.

ओठाला तीन टाके. तोंड सुजलंय, त्यामुळे थोडक्यात.

घरामागे पेंढ्याची उडवी. तिच्यावर कागद टाचला. खेचलं. जड, आणखी जड, अर्ध्यावर आले आणि कडी सुटली. माझी मूठ माझ्याच ओठावर. बाण उडवीच्या कडेने जाऊन फणसाच्या बुंध्यात घुसला, एक बोट आत. भा.ला उपटता येईना. अर्ध्याच ओढीत एवढा जोर! रक्त गळत होतं आणि मी फणसाकडे बघत होते.

मामू मुद्दाम बघायला आला होता, त्याने रक्त बघितलं. चपला न घालता निघून गेला. कडीचा तुकडा गवतात कुठे उडाला, सापडला नाही.

बुध., १० डिसें.

आज टाके काढण्याआधीच चूक सापडली. सुतळीवर मामूची गाठ आठवून आठवून सैलच मारून बघितली. खालची गाठ त्याने टोक दुमडून खोचून मारली होती. टोक ओढलं की सुटते तशी. म्हणूनच जाळलं नाही, गोळी झाली तर टोक निघणार कसं!

यात त्याचा काय दोष? घाटात दरड आली, पाऊस कोसळतोय, माल भिजतोय, तेव्हा ओल्या हातांनी दोरी एका झटक्यात सुटलीच पाहिजे. जी सोडायला सुरी लागते ती गाठ नव्हेच, हे तो क्लीनरांना ऐकवत आलाय. तीस वर्षं हातांना एकच शिकवलेलं. ही गाठ मात्र जन्मात सुटायला नको.

निरोप पाठवला. आला नाही.

शनि., १३ डिसें.

अर्धी शाळा करून एस.टी.ने पोलादपूर. मामू गाडीखाली होता. बाहेर आला, माझ्या ओठाकडे बघून नजर खाली.

"माझ्या हातानं तुझं दोनदा रगत काढलं. मी नाय हात लावणार आता."

"मग बोटं परत द्या."

बोलून गेले. जिभेला हाड नाही माझ्या. तो हात पुसत राहिला. कापडाला डाग लागायचे थांबले तरी पुसत होता.

मी पर्समधून पुस्तक आणि सुतळी काढली आणि मधलं बोट पुढे केलं. "ह्याच्यावर शिका. खुंटीच आहे. दुखत नाही."

कापड टाकून त्याने ते धरलं. चार वर्षांत पहिल्यांदा. हात गार होता त्याचा. मग मी चित्र दाखवायचं, त्याने माझ्या बोटावर गाठ मारायची. वरची एका बाजूने, खालची उलट. प्रत्येक वेळी शेवटाला अंगठा आपोआप टोक दुमडायला जायचा आणि मी म्हणायची, "सुटणारी नको." मोजणं सोडून दिलं. चहा दोनदा गार झाला.

"न सुटणारी मारायची म्हटली का हात अडतो गो," म्हणाला.

बोटावर सुतळीचे वळ उठलेत. ते मी चोळून घालवणार नाहीये.

रवि., १४ डिसें.

सकाळी मामू आला. आज पुस्तक स्वतः मागितलं!

उरलेली दोरी बरोबर सहा बोटं. काडीपेटीने टोकं जाळली. प्लास्टिकचा वास, आणि दोन गोळ्या, मिऱ्याएवढ्या. शाळेतला मोठा गुण्या आणला होता, तो दोरीला लावून बाणाची जागा काटकोनात धरली, किंचित वर. वरची गाठ. खालची गाठ. अंगठा दुमडायला गेला, थांबला, माझ्याकडे बघितलं, सरळ गेला. मग कडीत पक्कड घातली आणि पकडीचं तोंड उघडत उघडत गाठी आवळल्या. गोळ्या गाठींना चिकटून बसल्या. भा.ने पट्टा अडकवून पायाने धनुष्य दाबून ताणून बघितलं, दहा वेळा. कडी केसभर हलली नाही.

एवढीशी. नथीतल्या मोत्याएवढी जागा. तिच्यातून सगळं जाणार.

आज बाण सोडला नाही. ओठ अजून ओला आहे, आणि खरं सांगायचं तर भीती वाटली.

गुरु., १८ डिसें.

पाचला उडवीपाशी. भा., मामू, मी. मामू पाठ फिरवून उभा.

आकडा कडीत. खेचलं. जड, जड, तिथेच आले जिथे त्या दिवशी सुटली होती. पुढे गेले. आणि अचानक ओझंच गेलं. चाकं फिरली आणि अठरा किलोंचं हातात जेमतेम चार-पाच उरलं. कशेडी चढून गाडी माथ्यावर आली की इंजिन निवतं, तसं. मी अख्खं धनुष्य ताणून उभी होते आणि सहज श्वास घेत होते. या अल्ला! हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी कळलं नसतं.

"मामू, बघा."

"तू सोड, मग बघतो."

"नाही. आधी बघा."

मी ताणूनच धरलं. मागे पाचोळा वाजला, चपला वळल्या. घोडा दाबला.

बाण उडवीवरून गेला. शेताच्या बांधापलीकडे, करवंदीच्या जाळीत कुठेतरी. आवाजसुद्धा आला नाही. कडी जागच्या जागी. मी रडत होते की हसत, भा.ला विचारायला हवं.

मामू जाळीत शिरला. खूप शोधलं. हातांवर ओरखडे घेऊन रिकामा आला, कडीला अंगठ्याच्या नखाने टोचून बघितलं.

"नाय गावला. गावंल उद्या. दुसरा लाव."

आणि पेटीतला दुसरा बाण त्याने माझ्या उजव्या हातात दिला.