सातवा बॅरल

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

उदगीर,
दि. १९ मे १९८६, सोमवार

चि. मल्लिकार्जुन भाऊजींस वहिनीचे आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. नळ आठव्या दिवशी येतो, तोही पहाटे अर्धा तास. टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबतो आणि बायका एकमेकींच्या वेण्या धरतात. तुमच्या लातूरला जिल्हा झाल्यापासून दोन दिवसाला पाणी सोडतात म्हणे. चांगलं आहे. चार वर्षांत साहेब आले, कचेऱ्या आल्या, तुमचं दुकानही मोठ्या रस्त्याला आलं. आम्हाला आनंदच आहे.

तुमचं कार्ड शनिवारी पोचलं. डिझेल पंपाच्या बॅरलची नळी आतून घासायच्या पितळी कांड्या आणि पेस्टचे डबे कंडक्टरच्या हाती द्या, इथं लातुरात मशीनवर काम करून घेतो, यांनी, तुमच्या अण्णांनी, आता विश्रांती घ्यावी, असं तुम्ही लिहिलंत. कार्डावर लिहिलंत, म्हणजे पोस्टमननंही वाचलं. ‘अण्णांना आराम का हो?’ म्हणून त्यानं मलाच विचारलं.

कांड्या मिळणार न्हाईत. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं का न्हाई ते तुम्ही ठरवा.

निलंग्याकडच्या वाडीचे शेषेराव विहिरीचा बंद पडलेला डिझेल पंप घेऊन तुमच्या दुकानी आले, तुम्ही अण्णांना निरोप धाडून बोलावलंत. मला वाटलं दोघं भाऊ मिळून बघतील. तुम्ही काय केलं? सात-आठ माणसांसमोर त्यांनीच घासून दिलेला, आता ओरखडलेला बॅरल त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणालात, “अण्णा, नजर गेली तुमची. हात थकला. आता सोडा.” हे मला अण्णांनी सांगितलं न्हाई. शेषेराव सोयरिकीला उदगिरात आले होते, त्यांनी आमच्या ओट्यावर बसून सांगितलं, आणि सांगताना त्यांनाच लाज वाटून राहिली होती. ज्यांच्या वाडीची विहीर पाच दिवस बंद पडली, बायका दीड कोस घागरी घेऊन गेल्या, त्यांना लाज वाटली. भावाला वाटली न्हाई.

तुम्ही आठवीत नापास होऊन घरी बसलात तेव्हा तुम्हाला कुणी शिकवलं? जाड पेस्टची कांडी तुम्ही बारीक कामाला वापरलीत आणि एकामागून एक अकरा बॅरल ओरखडून ठेवलेत. पितळ एकदा जाड कण गिळून बसलं की सोडत न्हाई, हे त्यांनी तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं. तरी त्यांनी गिऱ्हाइकाला काय सांगितलं? ‘माझ्याकडून झालं.’ ती कांडी मोडून फेकली आणि तुम्हाला जेवायला हाक मारली. मीच वाढलं होतं तुम्हाला. तुम्ही दोन भाकरी जास्तीच्या खाल्ल्या.

लातूरलाही ते तेच म्हणाले, “हाव, चूक माझी.” आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. आल्यावर सगळ्या कांड्यांना तेल लावून फडक्यात बांधलं आणि फळीवर ठेवलं. नऊ दिवस झाले. कुणी बॅरल घेऊन आलं तर ‘बंद केलं’ म्हणतात. माणूस रिकाम्या बोटांनी अंगठा घासत बसतो, भाऊजी. चोवीस वर्षं त्या बोटांना पेस्ट आहे.

आता खरं लिहिते. इथवर लिहायला तीन दिवस लागले.

घासायचं काम त्यांचं आणि धुवायचं माझं, लग्नापासून. तुम्हाला ठाऊकच आहे. रॉकेलनं तेल निघतं, पेस्टचे कण निघत न्हाईत. त्याला साबणाचं गरम पाणी लागतं आणि दर बॅरलला नवं. रोजच्या पाण्याची वही मी ठेवते, वाडीचा बॅरल धुवायला होता त्या सोमवारी वहीत दोन घागरी आहेत. एक पिण्याची. दुसरीतलं तांब्याभर सोवळ्याचं पाणी मी इष्टलिंगाच्या पूजेसाठी वेगळं काढलं. उरलेल्या पाण्यात आठ बॅरल धुवायचे होते. चार नीट धुतले. पुढचे चार त्याच गढूळ पाण्यात बुचकळून काढले. डोळ्याला स्वच्छ दिसत होते. वाडीचा सातवा होता.

अण्णांनी आतून विचारलं, “पाणी बदललं ना?” मी म्हटलं, “हाव.” कपाळावर विभूती होती माझ्या. तांब्या देवापाशी झाकून ठेवलेला होता.

तुमच्या दुकानात त्यांनी बॅरल उजेडात धरला असेल, तेव्हाच त्यांना कळलं असणार. डोळ्यानं चुकलेलं काम वेगळं दिसतं आणि न धुतलेल्याचे ओरखडे वेगळे. तुम्हालाही दिसायला हवं होतं, तुम्हीही त्यांच्याकडेच शिकलात. पण तुम्ही बॅरल बघितलाच न्हाई, म्हाताऱ्या भावाकडे बघितलं. आणि त्यांनी बायकोचं नाव घेतलं न्हाई. घरी येऊनही एक शब्द न्हाई. त्याचाच मला जास्त राग येऊन राहिला. ओरडले असते तर मी रडून मोकळी झाले असते.

हे पत्र आत्ता त्यांना वाचून दाखवलं. भिंतीकडे तोंड करून ऐकलं. मग म्हणाले, “ठाऊक होतं. पाणी बदलत जा.” एवढंच. फळीकडे हात अजून गेला न्हाई.

म्हणून तुम्हाला सांगते, विनंती करत न्हाई. शेषेरावांना घेऊन येत्या गुरुवारी इथं या. तो बॅरल आणा आणि घासून भोक रुंदावेल म्हणून मोठ्या मापाचा नवा प्लंजर, आत सरकणारा दट्ट्या, आणा. हे घासतील, मी धुवेन. आठवडा झाला, देवाला पत्री आणि विभूती वाहते, पूजेच्या तांब्याचं पाणी बॅरल धुवायला साठवून ठेवलंय. देवानं तक्रार केली न्हाई. मग तुम्ही तुमच्या हातानं प्लंजर बॅरलात सोडा. आपल्या वजनानं सावकाश, कुठं न अडकता खाली उतरला, तर ओट्यावर, शेषेरावांसमोर अण्णांच्या पाया पडायचं आणि लातुरात जे बोललात ते तोंडानं परत घ्यायचं. न उतरला तर कांड्या मी स्वतः गाडीत ठेवीन, तुमच्या शेजारी.

हे पत्र दुकानात मोठ्यानं वाचा. त्या दिवशी होते तेवढे सगळे असताना वाचा. माझी चूकही वाचा, गाळू नका. यांचं नाव मी तोंडानं कधी घेतलं न्हाई, कागदावर लिहिते, म्हणजे ऐकणाऱ्यांना बॅरल कुणाच्या घरचा ते कळेल.

सातवा बॅरल न धुणारी,
सौ. गंगम्मा रेवणसिद्ध