चांद्यावर पहिली बैठक

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठावन्न, धंदा घोडे शिकवणे व घोड्यावर बसायला माणसे शिकवणे, तबेल्यामागच्या माझ्या स्वयंपाकघरात बसून हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी फूस लावलेली नाही आणि मी चहाखेरीज काही प्यायलेले नाही. मृत्युपत्राला मन स्थिर लागते असे ऐकून मी जनावरांच्या डॉक्टरांना विचारले, कारण माझ्या ओळखीत शिकलेले माणूस तेवढेच. ते म्हणाले, "बाई, बुद्धी ठिकाणावर असली की झालं. मनाचं कोण विचारतंय?" तर बुद्धी ठिकाणावर आहे. मनाचे म्हणाल तर उद्याच्या विचाराने पाचावर धारण बसली आहे. हे मी तोंडाने कोणाजवळ बोललेले नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

उद्या सकाळी मी चांद्यावर बसणार आहे. चांद्या म्हणजे आम्ही नवा घेतलेला घोडा, पाच वर्षांचा, कपाळावर पांढरा पट्टा. आमच्या घरात रीत अशी की नवा घोडा आला की आठवडाभर त्याने खावे, वास घ्यावा, भिंती ओळखाव्या. आणि मग पहिली बैठक घरातल्या मोठ्याची. ज्याच्यासाठी घोडा घेतला तो नंतर. दलालाच्या अंगणात घोडा कितीही गरीब दिसला तरी आपल्या अंगणात तो नवाच असतो. माझे यजमान याच रीतीपायी, अशाच एका नव्या घोड्यावरून पडून गेले, त्याला अकरा वर्षे झाली. स्पर्धेत नाव द्यायची मुदत संपत होती म्हणून आठवड्याऐवजी त्यांनी दुसऱ्याच दिवशी खोगीर चढवले. घोड्यात खोड नव्हती, घाई आमची होती. आता घरात मोठी मी.

कलम पहिले. घर, तबेला, मागचे कुरण, दोन्ही पाण्याच्या टाक्या आणि उड्यांचे सगळे दांडे व खांब माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावेत. ह्यांनी काही लिहून ठेवले नव्हते. "मला काय धाड भरली आहे?" असे म्हणायचे. धाड भरली, आणि तेराव्या महिन्यात माझे धाकटे दीर कागद घेऊन दारात उभे राहिले, की तबेल्यात भावाचा वाटा म्हणजे त्यांचाही वाटा. तो वाटा सोडवून घेताना माझी पाठ मोडली. मुलीवर ती पाळी येऊ नये म्हणून आज हा कागद.

कलम दुसरे. ज्या बचतीला घरात सगळे "म्हातारपणाचे" म्हणतात ती मुलीला मिळावी. तिने ती म्हातारपणासाठी ठेवू नये. आधी छपराचे पत्रे बदलावेत.

कलम तिसरे, मास्तरविषयी. मास्तर हा आमचा जुना घोडा, वय सोळा. त्याच्यावर मुलगी उड्या मारायला शिकली, हरायला शिकली आणि मग जिंकायला लागली. तिने चुकीच्या जागी सांगितले तरी तो बरोबर जागी उडी मारायचा, म्हणून हे नाव. गेल्या हंगामात मुलगी वरच्या गटात गेली. तिथले अडथळे मास्तरला उंच पडू लागले. तो उडायचा, पण उतरल्यावर मागचे पाय आखडायचे, आणि मुलगी रात्रीच्या जेवणाला गप्प बसायची. दोन घोड्यांचा चारा आम्हाला पेलत नाही. शेवटी तीच म्हणाली, "आई, त्याला खालच्या गटात कुणीतरी घेईल. तिथे तो अजून राजा आहे."

मी नको म्हणत होते. कारण मायेचे होते असे सगळ्यांनी धरले आणि मी धरू दिले. खरे कारण हे, की मास्तरवर मुलगी असली की मी रिंगणाशी न जाता इथे भांडी घासू शकत असे. हातचे सोडून पळत्याच्या मागे का लागायचे, असे मी आठवडाभर म्हटले. मग विकला.

घेणारा दातांचा डॉक्टर. त्याची मुलगी तेरा वर्षांची, स्वतःच्या दातांना तारा लावलेली. तिने मास्तरच्या मानेला हात लावण्याआधी मला विचारले, "काकू, त्याला आवडतं का?" मी म्हटले, "न विचारताही आवडतं, पण विचारलंस ते बरं केलंस." सौदा तिथेच ठरला. दातांच्या डॉक्टराला वाटते तो त्याने घासाघीस केल्यावर ठरला. मागच्या पायांचे मी त्याला स्पष्ट सांगितले आणि किंमत उतरली. उतरू दे. कागदावर मी एक अट घातली आहे: त्याची मुलगी मोठी झाली की मास्तर दुसऱ्या कोणाला न विकता आधी इथे विचारावे. तेव्हा मी नसले तर माझ्या मुलीने हो म्हणावे. डावीकडची शेवटची जागा त्याची. तिथे दुसरे काही बांधू नये, सायकलीही ठेवू नयेत.

कलम चौथे, चांद्याविषयी व त्याच्या खर्चाविषयी. मास्तरचे पैसे आले तेव्हा मी आणि मुलगी याच टेबलाशी बसलो. तिचा हिशोब सोपा होता: एक घोडा गेला, त्या पैशात एक घोडा आणायचा. मी तिला समजावले की घोड्याची किंमत हा त्यातला स्वस्त भाग. तरुण घोडा म्हणजे वर्षभर फक्त खाणार आणि शिकणार, बक्षीस आणणार नाही. विकत घेण्याआधी डॉक्टरांची तपासणी, आणायची गाडी, नाल, दात, विमा, वरच्या गटाच्या शिकवणीची फी. नाकापेक्षा मोती जड. म्हणून मास्तरच्या पैशांत बचतीतले थोडे घालून मी त्याचे वाटे केले आणि निम्म्याहून कमी रक्कम घोड्यासाठी ठेवली. शेवटच्या ओळीत मी लिहिले: पडणे.

"हे काय?" मुलगी म्हणाली.

"पडण्याचा खर्च. दवाखाना, औषध, महिनाभर काम बंद."

"आई, असं कुणी बजेटात लिहितं का?"

"मास्तरच्या वेळी लिहिलं नव्हतं. या वेळी लिहायचं."

ती हसली. मी ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली आहे. उद्या ती माझ्यावर खर्च झाली तर तिने रडत बसू नये, ती त्यासाठीच आहे. माझ्यावर खर्च करण्यासारखे काही उरले नाही तर त्या पैशांतून नवे हेल्मेट घ्यावे. तिचे एकदा आपटलेले आहे, आणि आपटलेले हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसले तरी टाकायचे असते, हे मी तिला वर्षभर सांगते आहे.

पाच घोडे पाहिल्यावर चांद्या मिळाला. त्याच्यात दोष नाही, यानेच मला जास्त भीती वाटते. दोष असला तर माणूस तिकडे लक्ष ठेवतो. तो कान हलवतो तेव्हा कशासाठी हलवतो ते मला अजून कळत नाही. काल पत्र्यावर मांजर उडी मारून उतरले तर तो जागचा हलला नाही, फक्त बघत राहिला. मी मात्र हातातली बादली टाकली. मुलीने विचारले, "काय झालं गं?" मी म्हटले, "हात निसरडा झाला."

कोणी म्हणेल, पैसे देऊन एखादा स्वार आणावा. मीही तसे मनात म्हणून पाहिले. पण जी भीती मला घरच्या माणसासाठी वाटते ती दुसऱ्याच्या लेकराला भाड्याने द्यायची, हे मला जमणार नाही. विमा कंपनीने माझे वय पाहून हात वर केले आहेत. दीर म्हणाले, "वहिनी, घोडामैदान जवळच आहे." ते दूरवर राहतात, त्यांना बोलायला काय जाते?

मला काही झाले तर चांद्याला मारू नये, उपाशी ठेवू नये आणि रागाने विकू नये. रागाने विकलेला घोडा वाईट माणसाच्या हाती जातो. मुलीने महिनाभर त्याच्यावर बसू नये. त्यानंतर काय करायचे ते तिचे तिने ठरवावे. तिला अडवण्याची माझी फार इच्छा आहे, पण मेलेल्या माणसाने अडवू नये.

कलम पाचवे. ह्यांचे स्पर्धेचे खोगीर धाकट्या दिरांकडे आहे. दहाव्याच्या दिवशी "आठवण म्हणून" नेले. त्यांच्याकडे घोडा नाही, कधी नव्हता. ते खोगीर त्यांच्या दिवाणखान्यात लाकडी घोडीवर ठेवलेले असते आणि पाहुण्यांना दाखवले जाते. ते मी त्यांनाच देऊन टाकते, म्हणजे यापुढे ते चोरीचे राहणार नाही. मात्र त्याला तेल लावावे. कातड्याला भेगा पडल्या आहेत.

कलम सहावे. माझे लांब बूट नालबंदाच्या बायकोला. तिने मागितलेले नाहीत, पण बघते.

वरील सर्व लिहून झाले तेव्हा साक्षीदार आले. इथून पुढचे त्यांच्यासमोर लिहीत आहे.

डॉक्टर आधी येऊन बसले होते. नालबंद बाहेर चांद्याचे पुढचे नाल घट्ट करत होता. तो ह्यांचा जुना दोस्त, मला वहिनी म्हणतो. हात धुऊन आत आला, पेन उचलले आणि खाली ठेवले.

"वहिनी, सही करतो. पण तुम्ही बसलात ना त्याच्यावर? मग आता हे कशाला?"

"उद्या बसणार आहे."

"उद्या?" तो डॉक्टरांकडे बघायला लागला. "मग त्याची पाठ कशानं भिजलीय? खोगिराएवढा घाम आहे. खोगिराच्या पट्ट्याचा वळ अजून पोटावर आहे."

मी उठून खिडकीशी गेले. मुलगी चांद्याला दोरीने धरून सावलीत हळूहळू फिरवत होती, तापलेला घोडा गार करतात तसा. मी तिचे हातपाय मोजले. चालण्यात लंगडेपणा नव्हता. रिंगण तबेल्याच्या पलीकडे आहे, या स्वयंपाकघरातून ते दिसत नाही आणि तिथली हाक इथे येत नाही. मी इथे बसून दात कोरत बसल्यासारखी एकेक कलम लिहीत होते, सायकली ठेवू नयेत, खोगिराला तेल लावावे, आणि तिकडे ती त्या घोड्यावर होती. एकटी, आणि डोक्यावर ते आपटलेले हेल्मेट. डॉक्टरांनी खुर्ची पुढे केली.

थोड्या वेळाने ती पाणी प्यायला आत आली.

"आई, उद्या किती वाजता बसतेस?"

"उजाडल्यावर. तू कुंपणाशी उभी राहा."

"राहते. आणि घाबरू नकोस, गरीब आहे गं तो."

"तुला काय माहीत?"

तिने पेला रिकामा केला. "वाटतं."

साक्षीदार दोघेही आपापल्या चहाकडे बघत होते. ती गेली.

पुरवणी कलम. हे मुलीसाठी आहे आणि मी गेल्यावरच तिने वाचायचे आहे.

बाई गं, तू माझ्याआधी चांद्यावर बसलीस ते मला त्याच दुपारी कळले होते. तू माझ्यासाठी केलेस, हेही कळले. रागावले नव्हते असे समजू नकोस. तुझ्या मुस्काटात द्यावी असे वाटले आणि तुला कुशीत घ्यावे असे वाटले, दोन्ही एकदमच, म्हणून काहीच केले नाही. उद्या मी चांद्यावर बसेन आणि तो पहिल्यांदाच कोणाला पाठीवर घेतो आहे असे तोंड करेन. तूही करशील.

या घराची रीत मी आज बदलते. पहिली बैठक मोठ्याने करावी, धाकट्याने करावी, कोणीही करावी. एकट्याने करू नये. घर, तबेला, कुरण, सगळे तुला याच एका अटीवर दिले आहे. तू म्हणशील, कुंपणाशी उभे राहिलेले माणूस पडणाऱ्याला झेलू शकत नाही. नाही शकत. तुझे बाबा पडले तेव्हा मी कुंपणाशी होते आणि पोचले तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. तुला आजवर सांगितले नाही, पण ते मला बघून म्हणाले, "घोडा धर, रस्त्यावर जाईल." मी घोडा धरला. परत आले तेव्हा ते नव्हते. एवढेच बोलणे झाले, पण ते मी ऐकले, आणि अकरा वर्षे माझ्याजवळ आहे.

आज तू पडली असतीस तर तू काय म्हणालीस ते मला कधीच कळले नसते.

सही: वरील सर्व लिहिणारी

आमच्यासमोर सही झाली. लिहिणारी पूर्ण शुद्धीत होती:
१. जनावरांचे डॉक्टर
२. नालबंद

स्थळ: तबेल्यामागचे स्वयंपाकघर
दिनांक: शनिवार, चांद्या आल्याचा सहावा दिवस