कॅप्टनचा अंगठा

बुधवार, दुपार

घेतो गं, गोळी घेतो! रोज घेतो, माझ्या डोळ्यांदेखत घेतो आणि वर "आ" करून जीभ दाखवतो. काल फोनवर तू तेच तेच विचारत होतीस, पण तो बाजूलाच बसला होता, म्हणून मी नुसतं "हो हो" केलं. त्याच्यासमोर मला मोकळं बोलता येत नाही. म्हणून हे पत्र.

बरं, रीतीचं राहूनच गेलं. पायलटीणबाईंना सासूचे आशीर्वाद. मी मजेत. गुडघे कुरकुरतात, पण मला कुठे विमान चालवायचंय!

त्या सात झाकणांच्या डबीत गोळ्या मी भरते. झाकण मी उघडते. पाणी मी देते. आणि हा मात्र रिकामा खण फोनवर तुला दाखवतो, जसा काही शाळेतला गृहपाठ! तू तिकडून "शाब्बास" म्हणतेस की याचा चेहरा असा फुलतो. आणि मी कोण? डबीची कडी.

पाण्याचंही तेच. मी तांब्या घेऊन मागे लागले की "नंतर पितो गं आई." तू फोनवरून नुसतं "पाणी?" म्हणालीस की घटाघटा. परवा मीच तुझा आवाज काढून बघितला. हसला खूप, पण प्यायला नाही मेला.

तू म्हणालीस, त्याला गोळी बंद करू देऊ नका. मला सांगतेस होय? याच्या बाबांनी बीपीची गोळी बरं वाटलं की कपाटात टाकली. त्या कपाटापायीच मी कपाळ पांढरं करून बसले. हाही त्याच वाणाचा. मागच्या खेपेला अंगठा दुखायचा थांबला, याने गोळी थांबवली, आणि नेमका तपासणीच्या दिवशी अंगठा टोमॅटोसारखा. एक नंबर मोठा बूट घालून गेला शहाणा! विमानवाल्यांच्या डॉक्टरने म्हणे फक्त एवढंच सांगितलं, "कॅप्टन, मोजा काढा." आणि बसवलं घरी. रक्तातला तो युरिक अ‍ॅसिडचा आकडा खाली येऊन टिकला पाहिजे, गोळी अंगाला मानवली पाहिजे, सांध्यांच्या डॉक्टरने तसं लिहून दिलं पाहिजे, मगच पुन्हा विमान. आणि गोळी कायमची. गोळीच्या बाबतीत मी कधी लबाडी केली नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. पुढे वाचशील तेव्हा आठव.

माझ्याकडे आला तेव्हा पायावर चादरसुद्धा सहन होईना. मी पाट उभा करून त्यावरून चादर सोडली, तंबूसारखी. तेव्हा माझा होता गं तो. "आई, हळू. आई, पंखा. आई, बस ना इथे." इतक्या वर्षांत माझ्या घरी त्याची बॅग कधी पुरती उघडली नव्हती. या वेळी कपडे कपाटात लागले. मी लावले.

मग बरा व्हायला लागला, आणि लागला तुझ्या नावाचा जप. दुपारी तुझं विमान आमच्यावरून जातं म्हणे. हा लंगडत गच्चीवर! मी म्हटलं, "भाजी आणायला पाय नाही, आणि जिना चढायला आहे?" म्हणतो, "आई, ती बघ!" मी बघितलं. एवढासा ठिपका. एवढ्याशा ठिपक्यासाठी माझ्या हातचा चहा गार केलास बाई.

विमानाचा ब्रेक पायाच्या बोटांनी दाबतात, हे मला कुठे ठाऊक? त्याने सांगितलं. तेव्हापासून माझ्या शिलाई मशीनवर बसतो आणि अंगठ्याने पायडल दाबून बघतो. आधी आई गं करायचा. नंतर ओठ चावायचा. रविवारी मी स्वयंपाकघरात होते, तर मशीन धाडधाड चाललेलं. धागा नाही, कापड नाही, आणि हा खिडकीबाहेर बघत पायडल मारतोय, तोंडाने शीळ. मला हाक मारून म्हणाला, "आई, काही दुखत नाही!" मी म्हटलं, "मशीनची सुई मोडशील."

रिपोर्टचं विचारलंस. काल म्हटलं ना, येईल. लॅबवाल्यांना काय घाई. तुमची कंपनी महिनाअखेरपर्यंतच याची जागा धरून ठेवणार आहे, हेही तू दोनदा सांगितलंस. मला एकदा सांगितलं तरी कळतं.

समोरचा बसवाला उद्या पहाटे तुमच्याकडची गाडी घेऊन निघतोय. तू उद्या घरी आहेस, हे याच्याकडून मला रोज ऐकू येतंच. पत्र त्याच्याच हाती देते. हातात पडलं की लगेच वाच, चहाबिहा नंतर.

कारण रिपोर्ट आलाय, सूनबाई. सोमवारीच. याचा फोन चार्जिंगला होता, मी उचलला. दवाखान्यातली पोरगी म्हणाली, "आजी, सगळं छान आहे, आकडा टिकलाय. कागद घेऊन जायला सांगा. विमानवाल्या डॉक्टरांची शुक्रवारची वेळ धरलीये, ती चुकवू नका." मी म्हटलं, "सांगते." मग फोन होता तसा ठेवला आणि कांदा चिरत बसले.

दोनदा तोंड उघडलं. एकदा म्हटलं, "भात घे." दुसऱ्यांदा म्हटलं, "अजून भात घे."

आता तूच फोन करून सांग त्याला. तुझं तो ऐकतो. मी लपवलं हेही सांग, मला वाचवू नकोस. गोळी मी एक दिवस चुकवली नाही. मीच बरा केला गं त्याला, आणि बरा झालेला मला बघवेना. त्याचा अंगठा पुन्हा सुजावा असं सोमवारपासून मला रोज वाटतंय.

तुझ्यावर जळणारी,
तुझी सासू